जाळीतली मोकळी जागा

लोकरीच्या स्वेटरला भोक दिसलं की आपण म्हणतो, कसर लागली किंवा उंदरानं कुरतडलं. पण जाळीच्या विणीत भोकं मुद्दाम पाडलेली असतात, आणि प्रत्येक भोकाचा हिशेब असतो.

आमच्या निफाडची थंडी दर हिवाळ्यात पेपरात येते. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जाणाऱ्याला स्वेटर लागतोच. धाकटी सून तो बिनशिवणीचा विणते. पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या आणि मग शिवून जोड, असला प्रकार नाही. दोन टोकांच्या मधे लवचिक तार असलेली गोल सुई घ्यायची, गळ्याचे टाके घालायचे आणि गोल गोल खाली उतरायचं. चार तिरक्या रेषांवर एका आड एक फेरीत मिळून आठ टाके वाढवायचे. काखेपाशी आलं की बाह्यांचे टाके दुसऱ्या दोऱ्यावर ओवून ठेवायचे, अंग पुरं करायचं, मग बाह्या. सगळं झाल्यावर शिवण शोधून सापडत नाही.

जाळीचं गणित तिनंच मला दाखवलं. सुईवर लोकरीचा मोकळा वेढा घेतला की तिथं भोक पडतं, पण एक टाकाही वाढतो. वाढतच गेला तर स्वेटर झग्यासारखा फाकेल. म्हणून जवळच दोन टाके एकत्र विणायचे. म्हणजे जितक्या मोकळ्या जागा, तितक्या ठिकाणी दोन टाके एकाच्या जागेत दाटीनं बसलेले. बघणारा जाळीला छान म्हणतो. त्या दाटीकडं कुणाचं लक्ष जात नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. एकत्र कुटुंबाचं आपण एवढं कौतुक करतो, पण त्यातली मोकळीक कुणाच्या जिवावर असते?

आमचं घर अठरा माणसांचं, एका चुलीचं. गावात भावाभावांत जुंपली की लोक आमचा दाखला देत. कुणी वारीला जाई, कुणी भजनाला, कुणी शिकायला नाशकाला. आणि थोरल्या वहिनी पहाटे चारला उठत. भाकरी, गोठा, बाळंतिणी, आजारी माणूस, सगळं त्यांच्याकडं. त्या माहेरी निघाल्या की नेमकं काहीतरी काम निघे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की त्यांना काही वाटत नाही. सातबाऱ्यावर जमीन कुणाची, पीक कोणतं, याची नोंद असते. कुणाची झोप गेली, याला रकाना नाही.

कुणी म्हणेल, कुणीतरी सोसल्याशिवाय घर चालतं का? नाही चालत. दोन टाके एकत्र केल्याशिवाय जाळीही होत नाही. पण दर वेळी त्याच टाक्यावर दाब कशापायी? सुनेच्या नागमोडी नक्षीत दर जाळीच्या फेरीला ती दाटीची जागा एका टाक्यानं सरकते, मग काही फेऱ्यांनी उलट वळते. सरकते म्हणून तर नक्षी दिसते.

आता मुला-पुतण्यांनी वेगळ्या चुलीचं काढलंय. भावकी म्हणते, "आप्पा, तुम्ही असेस्तोवर घर फुटू देऊ नका." मी पोरांना सांगितलंय, एकत्र राहायचं तर विहिरीच्या पाण्यासारखी कामाचीही पाळी लावा, आणि ती घरातल्या बायांना विचारून लावा. पुरुषांच्याही वाट्याला चूल येईल. ते जमत नसेल तर खुशाल वेगळे व्हा, पण न भांडता. शिवणीचा स्वेटर काही कमी ऊब देत नाही. उलट खांद्यावरची शिवण भार पेलते, स्वेटर लोंबू देत नाही. उसवणं वेगळं आणि शिवण वेगळी.

थोरल्या वहिनी आता सत्तरीच्या पुढं गेल्यात. पहिलं मत त्यांचं घ्यायचं ठरलंय. विचारलं तर म्हणाल्या, "मला सवय नाही सांगायची, दोन दिवस द्या." घर थांबलंय.