फुकट शिक्षणाचे ऋण

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना प्रत्येक सत्रासाठी १,५०० युरो शुल्क लावले. म्हणजे शिक्षण फुकट कधीच नसते. त्याचे मोल कोणीतरी चुकवीत असतो. पहाटे पाव भाजणारा, ट्राम चालविणारा, कर भरणारा तो अनोळखी माणूस! त्याचे ऋण फेडावे कसे? तेथेच नोकरी धरून कर भरला की हिशेब मिटला, असे काही जण म्हणतात. तिजोरीचा हिशेब मिटेलही. पण दान तिजोरीने नव्हे, माणसांनी दिलेले असते. ओळख न विचारता मिळालेल्या दानाची फेड ओळख न विचारता देऊनच होते. मग आपण ऱ्हाईनकाठी राहू अथवा वसईला परतू.