दंपतीचे शेषभोजन

परमार्थासाठी वेळ कसा काढावा, हा गृहस्थाश्रमाचा जुनाच प्रश्न आहे. परंतु घरात दीड-दोन वर्षांचे मूल दुडदुडू लागले की तो अधिक अडचणीचा होतो. नित्यकर्म, म्हणजे जे केल्याने वेगळे पुण्य मिळत नाही पण न केल्यास प्रत्यवाय अर्थात दोष लागतो असे रोजचे विहित कर्म, हे ठरलेली वेळ, शुचिता आणि चित्ताची एकाग्रता यांच्या आधाराने चालते, आणि लहान मूल नेमका हाच आधार काढून घेते. पहाट दूध कोमट करण्यात जाते, सोवळ्याचे नाव काढण्याची सोय राहत नाही, आणि जपाला बसावे तर माळ खेळायला हवी म्हणून हट्ट सुरू होतो. अशा घरातील आईवडिलांचा आठवडा परमार्थाच्या हिशेबी वाया गेला असे मानावे, की तो आठवडा हेच एक धर्मकर्म आहे असे म्हणावे? मुले म्हणजे देवाघरची फुले, तेव्हा त्यांची सेवा ही देवाचीच सेवा, हे उत्तर तयार असते; पण ते बहुधा ज्यांची झोप मोडत नाही त्यांच्या तोंडून ऐकू येते, आणि त्याने प्रश्न सुटण्याऐवजी झाकला जातो. म्हणून परंपरेने कर्माला धर्मकर्म ठरवण्यासाठी ज्या कसोट्या सांगितल्या आहेत, त्याच या आठवड्याला लावून पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

पहिला आक्षेप भगवद्गीतेतच आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी आणि घर यांच्या ठायी आसक्ती नसणे हे एक लक्षण गणले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी तेथे घरात राहूनही वाटसरूसारखा अलिप्त असणारा ज्ञानी रंगवला आहे. ताप आलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन मध्यरात्री खोलीत येरझाऱ्या घालणाऱ्या बापाला वाटसरू कसे म्हणावे? येथे शंकराचार्यांच्या भाष्यातील एक भेद उपयोगी पडतो. त्यांच्या मते या श्लोकात दोन निरनिराळ्या गोष्टींचा निषेध आहे: एक सक्ती, म्हणजे विषयाविषयीची ओढ, आणि दुसरा अभिष्वंग, म्हणजे त्या ओढीचा असा प्रकार की ज्यात दुसरा सुखी झाला की मीच सुखी आणि दुसरा दुःखी झाला की मीच दुःखी, अशी तादात्म्याची भावना होते. ज्याने लहान मूल सांभाळले आहे त्याला हा भेद पोथीतला वाटणार नाही. मूल पडले, ओठ फुटला आणि रक्त दिसले, तर त्याच्याबरोबर किंचाळणारा माणूस त्या क्षणी त्याच्या उपयोगाचा नसतो. जो शांतपणे ओल्या फडक्याने ओठ पुसतो आणि दात हलला आहे का ते पाहतो, तोच उपयोगी पडतो. त्याची माया कमी असते असे नाही. त्याच्या मायेत अभिष्वंग नसतो, एवढेच. मुलाने ताटातले सगळे संपवले म्हणून स्वतःला धन्य मानणे आणि शेजारच्या मुलापेक्षा ते उशिरा बोलू लागले म्हणून खचून जाणे, हे त्याच अभिष्वंगाचे दुसरे रूप होय, आणि शाळेत घालण्याचे दिवस जवळ आले की त्याला उधाण येते. तेव्हा अनासक्ती ही बालसंगोपनाला बाहेरून आडवी येणारी अट नसून ते नीट व्हावे म्हणून आतूनच लागणारी गोष्ट आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

आता कर्माकडे वळता येईल. वैदिक परंपरेने गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांचा उल्लेख शतपथ ब्राह्मणापासून आढळतो: अध्ययन-अध्यापनाचा ब्रह्मयज्ञ, तर्पणाचा पितृयज्ञ, होमाचा देवयज्ञ, प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवण्याचा भूतयज्ञ आणि अतिथीच्या सत्काराचा मनुष्ययज्ञ. त्यांना महायज्ञ म्हटले असले तरी त्यांत सोमयागासारखा थाट नाही. रोज करणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करणे हेच त्यांचे वैशिष्ट्य. काल केलेला वैश्वदेव, म्हणजे शिजलेल्या अन्नातून देवांना आणि प्राणिमात्रांना दिलेला भाग, आज उपयोगी पडत नाही, तसे काल भरवलेले जेवणही आज उपयोगी पडत नाही. यज्ञाचे मर्म मीमांसकांनी त्यागात सांगितले आहे: द्रव्य देवतेला उद्देशून सोडताना यजमान ते आता आपले नव्हे असे उच्चारतो, आणि त्या उच्चाराशिवाय आहुती म्हणजे केवळ अग्नीत टाकलेले तूप होय.

हे प्रत्यक्ष घरात कसे दिसते ते पाहण्यासाठी शहराच्या उपनगरात राहणारे नोकरदार जोडपे डोळ्यांसमोर आणावे, ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि मूल पाळणाघरात जाते. सोमवारी सकाळी मूल उंबऱ्याशी पाय रोवून रडते. मंगळवारी दुपारी पाळणाघरातून फोन येतो की अंग गरम लागते आहे, घेऊन जा. बुधवारी ताप असलेले मूल तेथे घेत नाहीत म्हणून कोणाची रजा पडायची यावर घरात वाद होतो. गुरुवारचा उपास साबुदाण्याच्या खिचडीत छोटा हात पडून मोडल्यासारखा होतो. शनिवारी मूल खडखडीत बरे असते आणि आईवडील आजारी. रविवारी नातेवाइकांकडे बारसे असते. या सगळ्यांत जेवणाचा प्रसंग विशेष न्याहाळण्यासारखा आहे. मऊ भात, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट. पहिले दोन घास सहज जातात, तिसरा गालात धरून ठेवला जातो, चौथा बाहेर येतो. मग काऊच्या आणि चिऊच्या नावाने घास मोजणे सुरू होते, कोणीतरी खिडकीपाशी उभे राहून खरोखरीचा कावळा दाखवते, वाटी एकदा उपडी होते, फरशी पुसली जाते आणि पाऊण तासाने निम्मा भात पोटात गेलेला असतो. पक्ष्यांच्या नावाने घास काढण्याच्या या रीतीचे मूळ भूतयज्ञात आहे असे सिद्ध करता येणार नाही, तसा दावाही नाही. परंतु स्वतःच्या घासाआधी इतर जिवांची नावे घ्यायला मूल ज्या वयात शिकते, त्या वयात त्याला दुसरा कोणताच धर्म शिकवता येत नाही, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे.

या जेवणाला शास्त्रात स्थान आहे. विज्ञानेश्वराने जिच्यावर मिताक्षरा लिहिली त्या याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थाघरच्या पंक्तीचा क्रम दिला आहे: बालके, माहेरी राहिलेल्या विवाहित लेकी, वृद्ध, गर्भिणी, आजारी आणि कन्या यांना आधी जेवू घालावे, अतिथी आणि सेवक यांना वाढावे, आणि उरलेले अन्न पतिपत्नींनी खावे. या यादीत पहिले नाव बालकाचे आहे. उरलेल्या अन्नाला परंपरेने दिलेली प्रतिष्ठाही मोठी आहे. यज्ञातून उरलेले खाणारे दोषमुक्त होतात आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारे पाप खातात, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. ओट्यापाशी उभे राहून मुलाच्या वाटीतला गार झालेला भात संपवणारी आई शब्दशः शेषभोजन करत असते, मग तिला त्याची जाणीव असो वा नसो.

फलत्यागाची कसोटी येथे आणखी कठोर आहे. निष्काम कर्म, म्हणजे फळावर हक्क न सांगता केलेले कर्म, याची उदाहरणे देताना बहुधा दानधर्म किंवा समाजसेवा यांचा उल्लेख होतो. परंतु दान घेणारा निदान दात्याला ओळखतो, आणि समाजसेवकाला लोक नावाजतात. तीन वर्षांखालचे मूल आपल्यासाठी जागवलेली एकही रात्र पुढे आठवू शकत नाही. प्रौढांना आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांतील जवळजवळ काहीच स्मरत नाही, आणि मानसशास्त्रात याला शैशवविस्मृती म्हणतात. ज्या काळात सर्वाधिक दिले जाते, नेमका तोच काळ घेणाऱ्याच्या स्मृतीतून पुसला जातो. तैत्तिरीय संहितेतील ऋणत्रयाची कल्पना या ठिकाणी नव्याने उलगडते. जन्मतःच माणूस तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते, असे तेथे म्हटले आहे. पितृऋण पुत्र जन्माला घातल्याने फिटते असा त्याचा रूढ अर्थ; पण ऋण जर स्वतःला जन्म देऊन वाढवणाऱ्यांचे असेल, तर नुसत्या जन्म देण्याने त्यातला वाढवण्याचा भाग कसा फिटावा? अपत्यासाठी आईवडील जे क्लेश सोसतात त्यांची फेड शंभर वर्षांतही होत नाही, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. माणसाला आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे कर्ज आठवतच नाही. मुलाला कडेवर घेतल्यावरच ते किती होते याचा अंदाज येतो, आणि तेही ज्यांच्याकडून घेतले त्यांना न देता पुढच्याला देऊन.

एक विसंगती मात्र मान्य करावी लागते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत, ज्याला अध्यासभाष्य म्हणतात, शंकराचार्यांनी 'मी' आणि 'माझे' या व्यवहाराला अध्यास, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याचा आरोप, असे म्हटले असून सगळ्या अनर्थाचे मूळ त्यात पाहिले आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या घरात हा अध्यास डोळ्यांदेखत उगवतो: कालपर्यंत स्वतःचा उल्लेख नावाने करणारे मूल आज छातीशी चेंडू धरून तो आपला आहे असे ठणकावते, आणि आईवडील कौतुकाने नाक कुठे, कान कुठे विचारत त्या अध्यासाला खतपाणी घालतात. वेदान्त जे मोडायला सांगतो ते घडवण्याचे काम त्यांच्याकडे आलेले असते. त्यावर इतकेच म्हणता येईल की ज्याचा अहंकार घडलाच नाही त्याला तो सोडताही येत नाही, आणि वेदान्तानेही विचाराचा अधिकार विवेक करू शकणाऱ्यालाच दिला आहे.

शिणाचे काय? साधनेच्या भाषेत थकव्याला चांगले स्थान नाही; आळस आणि निद्रा तमोगुणात जमा होतात, आणि रात्रभर जागून सकाळी देवापुढे पेंगणारी आई स्वतःलाच दोष देते. पंढरपूरचा पूजोपचार या बाबतीत अधिक समंजस आहे. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात शेजघरातला विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, शेजारती थांबते आणि भाविकांसाठी देव रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान घालून, काढा दाखवून देवाचा शिणवटा घालवतात आणि मगच पलंग पुन्हा शेजघरात जातो. लेकरांसाठी जागणारी ती माउली म्हणून विठ्ठलाकडे पाहणाऱ्या संप्रदायाच्या दैवतालाही जागरणाचा शीण येतो, तो उतरवावा लागतो आणि ते काम दुसऱ्या कोणीतरी करायचे असते, हे या विधीत गृहीत आहे. ज्या घरात आईच्या वाट्याला जागरण येते पण प्रक्षाळपूजा कधीच येत नाही, तेथे तिला माउली म्हणून गौरवणे हे निव्वळ ढोंग आहे.

म्हणून शेवटची कसोटी कर्त्याची आहे, आणि येथेच बहुतेक घरे उणी पडतात. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात जैमिनींनी यज्ञाचा अधिकार पतिपत्नींना मिळून आहे, दोघांचे कर्म एकच आहे, असा निर्णय दिला आहे. उत्तरकांडातल्या रामालाही सीतेच्या सुवर्णप्रतिमेवाचून अश्वमेध करता आला नाही. हा नियम आजवर बहुधा पत्नीचे दुय्यम सहभागित्व सांगण्यासाठी वापरला गेला, पण तो उलट बाजूनेही तितकाच बांधतो: पत्नीवाचून पतीचा यज्ञ पुरा होत नसेल, तर पतीवाचून पत्नीचाही होऊ नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी 134 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 76. स्वयंपाक, धुणीभांडी यांसारख्या घरकामात हे आकडे 299 आणि 97 असे होते. कायद्याची दृष्टीही फारशी वेगळी नाही: 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली, तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वरजा 15 दिवसांची आहे आणि खासगी नोकरीतल्या बापासाठी तशी सर्वसाधारण तरतूदच नाही. बुधवारी कोणाची रजा पडायची, हा वाद घराघरांत एकाच बाजूने का मिटतो, याचे कारण यात आहे.

याज्ञवल्क्याने शेषभोजन दंपतीला सांगितले आहे, एकट्या पत्नीला नव्हे. नवऱ्याने पंक्तीत बसून गरम पोळी खायची आणि बायकोने सगळ्यांमागून वाटीच्या कडा पुसून खायचे, या रीतीला त्या श्लोकात आधार नाही. लहान मुलाच्या घरातील आठवडा हे धर्मकर्म आहे, परंपरेच्या कसोट्यांना ते पुरेपूर उतरते. मात्र जिथे ते एकटीवर टाकून दुसरा निवांत जपाला बसतो, तिथे त्या जपाची गणना नित्यकर्मात करता येणार नाही.