कोर्ट उठेपर्यंत

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. न वटलेल्या एका चेकच्या खटल्यात बँकेतर्फे कुणीतरी साक्षीला जायचं होतं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी सबंध शाखेवरून नजर फिरवली आणि माझी निवड केली.

सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मी साडेदहालाच हजर. माझ्याआधी एका पोराचा पुकारा झाला. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना मोटारसायकलची धडक देऊन स्वारी पसार झाली होती. कुणीतरी गाडीचा नंबर टिपला म्हणून सापडला. आजोबांचं खरचटण्यावर निभावलं होतं. "गुन्हा कबूल आहे?" "आहे, साहेब." मग दोन हजार दंड आणि 'कोर्ट उठेपर्यंत साधी कैद'.

कैद म्हटल्यावर मी बेड्यांची वाट पाहू लागलो. पोरगा सरळ मागे आला आणि माझ्याच बाकावर बसला. कैद ती हीच! कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत तिथं बसून राहायचं. म्हणजे साडेदहापासून मीही तीच शिक्षा भोगत होतो, तीही गुन्हा कबूल न करता.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला कशात धरलं?"

"मी साक्षीदार आहे!" मी एवढ्या जोरात म्हणालो की शिपायानं डोळे वटारले.

पलीकडचे वकील गप्पिष्ट निघाले. ते म्हणाले, धडक हा एक गुन्हा आणि पळणं हा दुसरा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, थांबा, जखमीला दवाखान्यात न्या, जवळ पोलीस नसेल तर चोवीस तासांच्या आत चौकीला कळवा. मला हे फार पटलं. धडकेत अंधार, खड्डा, ब्रेक, झालंच तर नशीब, अशी बरीच मंडळी भागीदार असतात. पळणं ही मात्र आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सोल प्रोप्रायटरशिप. नफा-तोटा सगळा एकट्याचा.

पण माणूस पळतो तो दुष्टपणानंच असंही नाही. त्याच कलमात जमावाच्या रोषामुळे शक्य नसेल तर, अशी सवलत आहे. कायदा करणारे कधीतरी चौकात उभे राहिले असणार! डिसेंबर २०२३ मध्ये नवी न्याय संहिता संसदेत मंजूर झाली. तिच्या १०६ व्या कलमात जीव घेऊन, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली होती. झालं! १ जानेवारी २०२४ ला मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर निघेनात आणि नाशिककर पेट्रोलपंपावर रांगेत. मीही होतो. रांगेत सगळे ड्रायव्हरांच्या नावानं खडे फोडत होते. ड्रायव्हरांचं म्हणणं एवढंच, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं.

"आणि नंबरच मिळाला नाही तर?" मी विचारलं.

"मग अ समरी." वकिलांनी सांगितलं. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असा अहवाल पोलीस कोर्टाला देतात आणि फाइल मिटते. गाडी सापडलीच नाही तर मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून दोन लाख. २०२२ च्या एप्रिलपूर्वी पंचवीस हजार होते.

गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. हे ऐकलं आणि मला बाक टोचू लागला.

दहाएक वर्षं झाली असतील. रविवार कारंजाजवळ, दिवेलागणीला, माझ्या स्कूटरचं हँडल एका म्हातारबांच्या पिशवीत अडकलं. ते पडले. बटाटे रस्ताभर. मी आरशात पाहिलं. आता, माझ्या स्कूटरचा आरसा भांग पाडण्यापुरता वळवलेला असे. त्यात मला माझाच चेहरा दिसला. 'उठले असतील,' असं मी मनाशी म्हटलं आणि गिअर टाकला. घरी मटारउसळ होती, ती मी दोनदा घेतली, हेही आठवतं. उठले का नाही ते आजतागायत ठाऊक नाही. नंबर कुणी टिपला नाही, चौकशी झाली नाही. लेजरमध्ये चार आणे जुळेनात तर रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस मी! आणि तिथं दोन मिनिटं थांबलो नाही.

माझ्या चेकच्या खटल्यात अर्थातच पुढची तारीख पडली. वकील म्हणाले, "सुटलात, जा आता." बँकेत परत गेलो असतो तर कामच होतं. पण शेजारी तो पोरगा मांडीवर हेल्मेट घेऊन घड्याळाकडे बघत बसला होता.

"आजोबांना नंतर भेटलास का रे?" मी विचारलं.

"दोनदा गेलो, काका. पहिल्यांदा त्यांच्या सुनेनं हाकलला. दुसऱ्यांदा त्यांनी चहा पाजला." जरा थांबून म्हणाला, "चहाच जास्त लागला."

साडेपाचच्या सुमाराला न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, मीही राहिलो आणि परत बसलो. पोरगा रामराम करून गेला. शिपाई पंखे बंद करत माझ्यापाशी आला.

"साहेब, कोर्ट उठलं. तुम्ही कशाला बसलात?"