उन्हाने मेलं

पाखराला घाम येत नाही. वैशाखातल्या दुपारी आमच्या कोंडाण्यात आंब्याखाली बघा, सातभाई चोची उघडून, पंख अंगापासून जरा सुटे धरून बसलेले दिसतील. पाखराचं अंग मुळातच ४० ते ४२ अंशांचं. हवा त्याहून तापली की धापा टाकत अंगातलं पाणी वाफेनं बाहेर घालवायचं, एवढाच गारव्याचा मार्ग उरतो. त्यासाठी रक्तात जोम हवा आणि मूत्रपिंडांनी थेंब न् थेंब राखायला हवा.

जड धातू घाव घालतात ते नेमके इथेच. शिसं रक्त तयार होण्यात खोडा घालतं, कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं. थोड्या विषानं पाखरू लगेच मरत नाही. उडतं, खातं, घरटंही बांधतं. फक्त उन्हाळ्यासाठी राखलेली शिल्लक आतून कमी होत जाते.

कोंडाणं राजमाचीच्या पायथ्याचं गाव. वर रानात बौद्ध लेणी, खाली उल्हास नदी. इथं कारखान्याचं धुराडं नाही. पण हीच नदी पुढे कर्जत, बदलापूर करत खाडीला मिळते, आणि त्या खाडीच्या गाळात अभ्यासकांना पारा आणि शिसं सापडलेलं आहे. शेजारच्या खालापुरात खोपोलीपासून पुढे रसायनीपर्यंत पाताळगंगेच्या काठाने कारखाने आहेत. बगळ्याला तालुक्याची हद्द कळत नाही. आणि तांब्यासाठी वायर जाळणं, जुनी बॅटरी फोडणं, रासायनिक रंगाची मूर्ती डोहात सोडणं, हे तर आपल्याच हातचं.

आमच्या लहानपणी कुणी गलोलीनं पाखरू पाडलं की म्हाताऱ्या माणसांचा ओरडा बसायचा. पाप कुणाचं, ते समोर दिसायचं. आता झाडाखाली मेलेलं पाखरू दिसलं की आपण म्हणतो, "उन्हाने मेलं," आणि पुढे जातो. ऊन हा फार सोयीचा आरोपी. त्याला पंचांपुढे उभं करता येत नाही.

कुणी म्हणेल, उन्हाचा वाटा किती आणि धातूचा किती, हे आधी सिद्ध करा. शिक्षा द्यायची तर पुरावा हवाच, ते खरं. पण एक बैल चार घरांत सामाईक आहे असं समजा. प्रत्येक घरानं पेंढ्याची एकेक कवळी कमी घातली आणि भरल्या गाडीला तो चढावर कोसळला. चढानं मारला, असं गावात कुणी म्हणेल का? चौघंही म्हणतील, आमची एकच कवळी कमी होती. चौघंही खरं बोलतील, आणि बैल मात्र गेलेला असेल.

म्हणून वाटतं, असल्या पापात आपला वाटा केवढा, हा प्रश्न दुसरा. आपला वाटा आहे का, हा पहिला. अर्थात सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. वायर जाळणारा पोटासाठी जाळतो, आणि तो धूर आधी त्याच्याच पोरांच्या छातीत जातो. ज्याच्याकडे सांडपाणी शुद्ध करायची ऐपत आहे, त्यानं जास्त जाब द्यावा. त्याला विचारायला १९७४ पासून जलप्रदूषणाचा कायदाही आहे.

वाटा कमी केला की फरक पडतो. फिनलंडमध्ये हर्जावाल्ता नावाच्या गावात तांबं-निकेल गाळणारा कारखाना आहे. त्याच्या आसपासच्या माशीमार पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ व्हायची, पिलांची हाडं कमकुवत राहायची. धुराड्यातून बाहेर पडणारा धातू कमी केला, तशी पुढच्या वर्षांत पिलं जास्त जगू लागली. तिथे कुणी पाखरांवर औषधोपचार केला नव्हता.

चैत्र लागला की आपण अंगणात मातीच्या परळात पाणी ठेवतो. ते ठेवावंच, त्यात पुण्य आहे. पण नदीत काय सोडलं जातंय हे न विचारता नुसतं परळ भरणं म्हणजे उपाशी बैलाच्या पाठीवर प्रेमानं हात फिरवण्यासारखं आहे.