लक्कम्मा आणि रानातला दिवा

शरणबंधूंनो, आयदक्की मारय्यांची कथा आपण प्रवचनात अनेकदा ऐकली आहे. कल्याणात महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घरी आले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत नेऊन ठेवायला सांगितले. गरजेपलीकडचे ते आपले नव्हे, हा त्यांचा हिशेब. तो विजेला लावून पाहू या.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गणेशगुडीला, काळी नदीवर 101 मीटर उंचीचे सुपा धरण आहे. त्याच्या पाण्यात जुने सुपा गाव बुडाले, माणसे उठून रामनगरला गेली. पायथ्याशी 100 मेगावॅटचे वीजघर; तेच पाणी पुढे नागझरीला त्याहून कितीतरी जास्त वीज देते. ती दूरच्या शहरांत पोहोचली, आणि याच रानातल्या कुणबी वाड्यांनी पुढेही वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमणीवर रात्री काढल्या. घरे विखुरलेली, मध्ये जंगल. तार न्यायची तर खर्च फार.

अशा ठिकाणी ओढा कामाला येतो. सेकंदाला 10 लिटर पाणी नळातून 20 मीटर खाली आणून छोट्या चाकावर सोडले, तर निम्मी शक्ती वाया जाऊनही सुमारे 1 किलोवॅट वीज मिळते. घरटी 5 वॅटचे चार दिवे धरले, तर 40 घरे उजळतात. (उन्हाळ्यात ओढा आटतो, तेव्हा सौर दिवा हवाच.) पण जाळीत अडकलेला पाला रोज कोणी काढायचा? गावाला न शिकवता बसवलेले यंत्र पहिल्या बिघाडाला गंजत पडते. पाला काढणे हेही कायकच, आणि ते करणाऱ्याला दिवा कुठे लागावा हे ठरवण्यात आवाज हवा. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमिनीतून वीजतारा नेण्यासाठी ग्रामसभेची शिफारस मागितली आहे.

मात्र शहरातल्या माणसाकडे बटण दाबण्याआधी कोणी श्रमदान मागितले नाही. मग गरिबालाच ‘सहभाग घे’ म्हणणे न्यायाचे आहे का? सहभाग हा त्याचा हक्क असेल तर आहे. खर्च टाळण्याची सबब असेल तर मुळीच नाही. नळाचा, यंत्राचा पैसा काळीची वीज वापरणाऱ्यांनी द्यावा. त्याला दान म्हणू नये. दानात देणारा मोठा होतो. दासोहात तो सेवक असतो, मिळालेले परत करतो.

आपल्या जत्रेतली रोषणाई कधी कधी सकाळच्या उन्हातही जळत असते. लक्कम्मा तिथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या? पुढच्या जत्रेच्या खर्चाचा कागद समितीपुढे येईल, तेव्हा त्यात एखाद्या वाडीच्या नळाची ओळ घालता येते का, एवढे तरी विचारा.