वेतन दिले, असे कधी म्हणावे?

जून २०२० मध्ये जर्मनीतील वायरकार्ड ही कंपनी कोसळली. तिच्या ताळेबंदात दाखवलेले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नव्हते, हे कंपनीला कबूल करावे लागले. २६ जूनला ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचे व्यवहार थांबवले आणि त्या एका आदेशाने अनेक देशांतल्या फ्रीलान्सरांची कमाई गोठली, कारण त्यांच्यापर्यंत परदेशी मोबदला पोचवणाऱ्या पायोनियर या कंपनीची प्रीपेड कार्डे हीच उपकंपनी काढून देत असे. ३० जूनला निर्बंध उठले. बँकेत चार पैसे शिल्लक असणाऱ्याला हा काळ किरकोळ वाटेल. ज्याचा किराणा आणि घरभाडे त्याच कार्डावर चालते त्याला तो तसा वाटणार नाही. या प्रसंगातली खरी अडचण वेगळीच आहे. काम करणाऱ्याने काम पूर्ण केले होते, ग्राहकाने पैसे मोजले होते, ज्या प्लॅटफॉर्मवरून काम मिळाले त्याने रक्कम मोकळी केली होती. कागदोपत्री प्रत्येक जण आपल्या जबाबदारीतून सुटला होता, आणि तरीही मोबदला कष्ट करणाऱ्याच्या हाती नव्हता. मग ऋण कोणाकडे उरले? हा प्रश्न वरवर बँकांच्या नियमांचा वाटतो, पण मुळात तो धर्मविचाराचा आहे. ‘दिले’ असे केव्हा म्हणायचे: देणाऱ्याच्या हातून सुटले तेव्हा, की घेणाऱ्याच्या हाती पडले तेव्हा? वेतनाच्या बाबतीत तरी दुसरेच उत्तर योग्य आहे, आणि ते एकदा मान्य केले की वाटेत पैसा धरून ठेवणारा प्रत्येक जण त्या ऋणाचा वाटेकरी ठरतो, असे मला वाटते.

ही वाट केवढी लांब आहे ते आधी पाहू. ऑनलाइन काम करून पोट भरणाऱ्यांची किंवा घरखर्चाला हातभार लावणाऱ्यांची संख्या जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालाने १५.४ कोटी ते ४३.५ कोटी यांच्या दरम्यान मांडली आहे. त्यातल्या विकसनशील देशांतल्या माणसाची कमाई आधी प्लॅटफॉर्मकडे जाते. फायव्हर हा असाच एक प्लॅटफॉर्म; ती कंपनी कमाईतून २० टक्के कापून घेते आणि काम पुरे झाल्यावरही उरलेली रक्कम सर्वसाधारणपणे १४ दिवस राखून ठेवते. पुढे पैसे पाठवणारी कंपनी, मधली परदेशी बँक, विनिमयाचा दर आणि शेवटी गावातली बँक, अशी चाळण लागते. काही देशांत तर वाटच नसते. पेपालने पाकिस्तानात सेवा सुरूच केली नाही. नायजेरियात ती २०१४ मध्ये आली तेव्हा तिथल्या लोकांना पैसे खर्च करता येत होते, स्वीकारता येत नव्हते. म्हणजे ग्राहक म्हणून ते विश्वासार्ह होते, कष्टकरी म्हणून नव्हते. भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन पेमेंट गेटवेतून येणाऱ्या निर्यातीच्या एका रकमेला ५०० डॉलरची मर्यादा घातली. ती २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर झाली. मधल्या काळात पुण्या-नाशिकच्या प्रोग्रामरला हजार डॉलरच्या एका कामाची बिले तुकडे करून पाठवावी लागली, किंवा बँकेच्या तारेने पैसे मागवून तिचे शुल्क सोसावे लागले. पेपालच्या करारात आणखी एक तरतूद आहे: खात्यावर बंधन आले तर शिल्लक १८० दिवसांपर्यंत रोखता येते. सहा महिने म्हणजे एक अख्खा खरीप हंगाम आणि वर काही आठवडे.

मोबदल्याच्या वेळेविषयी धर्मपरंपरा जितक्या एकमुखाने बोलतात तितक्या फार थोड्या विषयांवर बोलत असतील. ज्यूंच्या तोरामध्ये रोजंदाराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा दंडक आहे, आणि तो स्वकीयाइतकाच परक्यालाही लागू असल्याचे तिथे स्पष्ट केले आहे. इस्लाममध्ये घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण प्रसिद्धच आहे. शिवाय पुरते काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतीच्या दिवशी खुद्द ईश्वर फिर्यादी असेल, असेही हदीस सांगते. पाली वाङ्मयातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कामगारांप्रती पाळायची कर्तव्ये मोजून दिली आहेत. त्यांत झेपेल तेवढेच काम सांगणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे आणि वेळच्या वेळी सुटी देणे यांचा समावेश आहे. मनू आणि नारद यांनी वादाची जी अठरा प्रकरणे मानली त्यांत वेतन न देणे हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कौटिल्य त्यासाठी दंड सांगतो. या ग्रंथांचे बाकी समाजदर्शन एकमेकांशी जुळत नाही. मनूचे तर आज कोणत्याही न्यायी माणसाला पटणारे नाही. तरी या एका मुद्द्यावर ते जवळ येतात, त्यामागे कारण असले पाहिजे. ते असे: विकलेला माल पैसे न मिळाल्यास परत मागता येतो, घालवलेला दिवस परत मागता येत नाही. श्रम करणारा आपला वाटा आधी आणि कायमचा देऊन बसतो, म्हणून उशिराची सारी जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगावर येते. ती त्याच्यावर पडू नये, हा त्या दंडकांचा गाभा आहे. म्हणूनच त्यांची मोजणी मालकाच्या थैलीपाशी थांबत नाही. ती मजुराच्या हातापर्यंत जाते.

यावर कोणी म्हणेल की त्या काळी मालक आणि मजूर समोरासमोर होते, मध्ये दहा संस्था नव्हत्या. जुना दंडक आजच्या साखळीला कसा लावायचा? पण दूर पैसा पाठवण्याचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. हुंडीचा व्यवहार शतकानुशतके चालला तो याच जाणिवेवर, की हुंडी लिहिली म्हणजे पैसे दिले असे होत नाही. ती सकारली जाऊन रक्कम हातात पडेपर्यंत लिहिणाऱ्याची पत गहाण असते. पेढीने हुंडी नाकारली तर धारक लिहिणाऱ्याकडे परत येई आणि भरपाई मागे. नरसी मेहतांची कथा महाराष्ट्रात महिपतींच्या भक्तविजयामुळे घरोघरी पोचली. यात्रेकरूंकडून पैसे घेऊन नरसींनी द्वारकेच्या सावळशा शेठच्या नावे हुंडी लिहून दिली, आणि तो शेठ प्रत्यक्ष भगवंतच होता. कथेची रचना नीट पाहिली तर तिचा कळस हुंडी लिहिली गेली त्या जुनागढला नाही, द्वारकेला आहे. भक्ताची श्रद्धा कितीही थोर असो, यात्रेकरूंच्या पदरात रुपये पडेपर्यंत ती हुंडी कोरा कागदच होती. आणि ती तशी राहू नये म्हणून देवालाही पेढीवर बसावे लागले. मध्यस्थांची साखळी जबाबदारी विरघळवत नाही, ती पुढे पुढे सोपवत नेते, हे त्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. आज मात्र प्रत्येक कडी म्हणते, ‘आमच्याकडून गेले आहेत.’ हे वाक्य खरे असते, पण त्याने ऋण फिटत नाही.

पहिला गंभीर आक्षेप करारवाद्यांचा आहे. फ्रीलान्सर हा मजूर नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे, अटी वाचून त्याने ‘मान्य’ वर बोट ठेवले आहे, मग तक्रार कसली? कायद्याच्या भाषेत यात तथ्य आहे. १९३६ चा वेतन प्रदान कायदा अशा माणसांसाठी केलेलाच नव्हता. पण संमतीला नैतिक वजन येते ते नकार शक्य असतो तेव्हा. आंतरराष्ट्रीय ग्राहकापर्यंत पोचायला दोन-चार प्लॅटफॉर्म आणि पैसे आणायला त्याहून कमी मार्ग असतील, तर ‘मान्य’ म्हणणे ही निवड कमी आणि दाराचे भाडे जास्त. शिवाय, माणूस स्वतंत्र व्यावसायिक म्हणवला गेला म्हणून त्याचा गेलेला दिवस परत मागता येत नाही. जुन्या दंडकांचे कारण जिथे लागू होते तिथे दंडकही लागू होतो, नाव काहीही ठेवा. न्यू यॉर्क शहराने २०१७ पासून हे ओळखले आहे: करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत फ्रीलान्सरला पैसे मिळालेच पाहिजेत, असा तिथे कायदा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काळा पैसा, फसवणूक आणि दहशतवादाला होणारा पुरवठा या काल्पनिक गोष्टी नाहीत. त्यांना बळी पडणारेही बहुतेकदा गरीबच असतात. तेव्हा तपासणी हवी आणि तिला वेळ लागणार, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न आहे तो संशय कशावर घ्यायचा याचा. एखाद्या व्यवहारात विसंगती दिसली म्हणून चौकशी करणे हा न्याय. एखाद्या देशाचा पासपोर्ट दिसला म्हणून दार लावणे हा आळस. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात एफएटीएफ या, काळा पैसा आणि दहशतवादाचा पुरवठा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘ग्रे लिस्ट’मध्ये होता. ती यादी सरकारी यंत्रणेच्या उणिवांची होती. कराचीतल्या ग्राफिक डिझायनरच्या चारित्र्याची नव्हती. खुद्द एफएटीएफने २०१४ मध्ये बजावले होते की जोखीम ग्राहकागणिक तपासावी, ग्राहकांचे गटच्या गट सरसकट तोडू नयेत. तरी बँकांना तपासण्यापेक्षा तोडणे स्वस्त पडते. २०११ ते २०१८ या काळात जगभरातले बँकाबँकांमधले परस्पर-खात्यांचे संबंध सुमारे एकपंचमांशाने घटले. जन्मावरून संशय घेण्याचा तर्क महाराष्ट्राला अनोळखी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाल्यावर इथेही, पारधी-कैकाड्यांच्या पोरांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहिली आणि १९५२ मध्ये सुटली. कुंपणाची यातना आणि बंद खात्याची यातना यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण ‘तू काय केलेस’ ऐवजी ‘तू कुठला’ असे विचारणारा तर्क दोन्हीकडे सारखा आहे, आणि तो एकदा चुकीचा ठरवल्यावर संगणकाच्या निर्णयात तो पुन्हा योग्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला, आणि म्हणून जास्त फसवा आहे. फळाची आस न धरता कर्म करावे, ही गीतेची शिकवण. मग पैसे कधी येणार याची एवढी काळजी का? हा उपदेश करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की गीता तिथे कर्त्याशी बोलते आहे, देणेकऱ्याशी नाही. फळाची आसक्ती सोडणे ही करणाऱ्याची साधना आहे. त्याचे फळ अडवून ठेवण्याचा परवाना तिने कोणालाच दिलेला नाही. उलट तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार मांडताना, मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला गीता सरळ चोर म्हणते. तुकोबांच्या चरित्रातली एक आठवण इथे उपयोगी पडते. त्यांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात. पण त्याच आठवणीप्रमाणे धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी त्याला देऊन टाकली होती. विरक्तीच्या त्या क्षणीही दुसऱ्याचे येणे बुडवायचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नाही. आपले येणे सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या येण्याबद्दल त्याला त्याग शिकवणे हा निव्वळ सोयीस्करपणा.

उरतो व्यवहारवाद्यांचा दिलासा: लोक मार्ग काढतातच. परदेशातल्या मावसभावाच्या नावाचे खाते वापरतात, क्रिप्टोत पैसे घेतात, हवाल्याने मागवतात. खरे आहे, पण हा दिलासा नसून सगळ्यात मोठे नुकसान आहे. सचोटीने कमावलेला पैसा हाती घ्यायला खोटा पत्ता आणि उसने नाव द्यावे लागले, तर त्या व्यवस्थेने प्रामाणिक माणसाकडून खोटे वदवून घेतले. पुढे तेच खोटे उघडकीस येते, खाते बंद होते आणि संशय घेणारा म्हणतो, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ बौद्ध विचारात सम्यक आजीविकेचा प्रश्न सहसा कोणते काम करावे असा मांडला जातो. इथे काम निर्मळ आहे, मलिन झाला आहे तो मोबदल्याचा रस्ता. आणि तो मलिन करणारे आजीविका करणारे नाहीत.

यातून निघणारी कर्तव्ये अवघड नाहीत. रक्कम रोखणाऱ्याने कारण सांगावे, मुदत सांगावी, हरकत ऐकायला माणूस नेमावा आणि संशय खोटा निघाल्यास अडवलेल्या दिवसांचे व्याज द्यावे; कारण तोवर तो दुसऱ्याचे ऋण वापरत होता. स्थलांतरितांनी घरी पाठवलेल्या पैशांवरचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारले आहे. घरी बसून परदेशाला श्रम पाठवणाऱ्याची कमाई त्याहून वेगळी मानण्याचे काही कारण नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमापार पेमेंट करणाऱ्या कंपन्यांना थेट आपल्या नियमनाखाली आणले आणि वस्तू वा सेवेच्या एका नगामागची मर्यादा २५ लाख रुपये केली. राज्यसंस्थेने मनावर घेतले तर वाट रुंद होते, याचा हा पुरावा. पण साखळीच्या पहिल्या टोकाला बसलेल्या ग्राहकाचे कर्तव्य कोणत्याही नियमाची वाट पाहत नाही. काम ठरवतानाच कोणत्या मार्गाने पैसे पोचतील हे विचारणे, वाटेतली कपात भावात धरणे, आणि पाठवल्यानंतर ते मिळाल्याची खात्री करून घेणे त्याला आजही शक्य आहे. तेवढे झाल्याशिवाय त्याने आपल्या वहीत ‘दिले’ असे लिहू नये.