ताटं किती धरायची?

आचाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताटं किती धरायची?" सांगलीत भाचीचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा वहिनी आधी साठ म्हणाली, मग शंभर, आणि सासरकडची यादी आल्यावर आकडा अडीचशेवर जाऊन टेकला. हॉल, आचारी, फुलवाली, सगळं माझ्या गळ्यात. घरात कुठलंही कार्य निघालं की वही माझ्याकडे येते, आणि मलाही ती हवीच असते, खोटं कशाला बोलू. जिलबी-मठ्ठा, मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, पुऱ्या. एवढं लिहून झालं आणि आचाऱ्याने सहज विचारलं, "आणि पोरीला काय हवंय?"

वहीत ती ओळच नव्हती.

ज्या जेवणाच्या नावातच तिची इच्छा आहे, त्या जेवणाचा बेत तिला न विचारता ठरला होता. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दोहद’पासून आलेला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाईच्या ठायी दोन हृदयं नांदू लागतात, म्हणून ती ‘दौहृदिनी’. तिने मागितलेलं दिलं नाही तर मूल कुबडं, खुजं, अधू निपजतं, असंही तिथे बजावलंय. आजचं वैद्यक हे मानत नाही, आपणही मानायचं कारण नाही. पण या धाकाने घरात काय घडवलं ते बघा. जी सून सगळ्यांच्या मागून, उरेल ते खायची, तिची जीभ चार महिने घरावर हुकूम चालवू लागली. तिला चिंच हवी म्हटल्यावर सासऱ्यालाही चिंच शोधत जावं लागायचं.

आणि जीभ काय काय मागते! रघुवंशात दिलीपाची राणी सुदक्षिणा माती खाते, आणि राजाला तिच्या मुखाला येणारा मातीचा वास हवाहवासा वाटतो. आमच्या गल्लीतल्या बायका चुलीची भाजकी माती आणि पाटीवरची पेन्सिल खायच्या, तेव्हा आम्ही हसायचो. अशा खाण्यामागे पुष्कळदा अंगातलं लोह कमी पडलेलं असतं, असं डॉक्टर सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. तेव्हा "हिला काय खावंसं वाटतंय?" हा प्रश्न निव्वळ लाडाचा नाही.

हा प्रश्न विचारायची जुनी रीत मात्र आजच्या उलट होती. माझ्या आईच्या वेळी डोहाळजेवण एका दिवसात उरकत नसे. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता चोरओटी व्हायची. पुढे एकदा मामीकडे, एकदा नणंदेकडे, एकदा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, असं तिला जेवायला बोलवायचे. सातव्यात फुलांची वाडी भरली जायची, चार बायका जमायच्या, तेवढाच काय तो सोहळा. म्हणजे दहा घरांत ती पाहुणी असायची. आता अडीचशे माणसं तिच्याकडे पाहुणी येतात आणि ती झोपाळ्यावरून सगळ्यांकडे बघून हसते. जुन्या काळी सगळं गोडच होतं असं मी म्हणत नाही. कित्येकींना डोहाळे लागायचे ते विहिरीवरून पाणी शेंदतानाच, आणि ते कोणी विचारायचंही नाही. पण विचारायचं ठरलं, तर विचारणारी तिला आपल्या चुलीपाशी न्यायची, एवढं खरं.

हॉलच्या दारावर फुग्यांच्या अक्षरांत ‘बेबी शॉवर’ लिहिलं होतं. त्या शब्दावर माझा राग नाही. पण अमेरिकेतल्या त्या समारंभात भेटींचा वर्षाव होतो तो येणाऱ्या बाळासाठी, त्याच्या कपड्यांसाठी, पाळण्यासाठी. आपल्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याचं अंगडंटोपडंसुद्धा घरात आणत नाहीत. यातली अपशकुनाची भीती बाजूला ठेवा; तिच्यामुळे का होईना, सातव्या महिन्यातली सगळी नजर बाईवर राहायची. साडी तिला, फुलं तिला, घासही तिला. पाटी बदलली तसं आमच्या हॉलमधलं भेटींचं टेबलही बदललं. त्यावर झबली होती, दुपटी होती, खुळखुळे होते. तिच्यासाठी म्हणून आणलेल्या वस्तू मी मोजल्या. तीन.

ओटी पाच जणींनी भरायची असं आम्ही पक्कं ठरवलं होतं. पण एकदा सुरुवात झाली की "आम्ही काय परक्या का?" म्हणत रांग लागते, आणि रांगेला नाही म्हणायची छाती माझ्यात नव्हती. प्रत्येकीचे तांदूळ, नारळ, हळकुंड, खारीक. सहा-सात ओट्या झाल्या की पदर जड व्हायचा, मग वहिनी खाली परात धरून तो रिकामा करायची आणि रांग पुन्हा पुढे सरकायची. पोरीच्या डोक्यावर निशिगंधाचा मुकुट, दंडात बाजूबंद, कमरेला पट्टा, हातात धनुष्य. निशिगंधाच्या उग्र वासाने तिला मळमळत होतं, हे तिने मला दोनदा खुणेने सांगितलं. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा धनुष्य वर धरा."

मग पेढा-बर्फी. झाकलेल्या दोन वाट्या समोर ठेवायच्या, तिने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घरात पाच-सात बायकांत हा खेळ हसण्यावारी जातो. अडीचशे जणांसमोर माइकवरून तो खेळला की ऐकणाऱ्याला बरंच काही ऐकू येतं. बर्फी निघाली. टाळ्या पडल्या, पण त्याआधी एक ‘अं’ उमटला, अगदी क्षणभर, पुढच्या रांगांतून. गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही रीतीने सांगण्याला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. त्याआधी, 1988 मध्येच, असा कायदा महाराष्ट्राने केला होता, आणि तरी 2001 मध्ये इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 असलेल्या मुली 2011 मध्ये 894 झाल्या. दवाखान्यात जी खूण गुन्हा ठरते तिचीच आपण हॉलमध्ये गंमत करतो. वाट्या मीच आणवल्या होत्या. पुन्हा आणवणार नाही.

आमच्या काकू शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसल्या होत्या. काका जाऊन नऊ वर्षं झाली. भाचीने झोपाळ्यावरून हाक मारली, "काकूआजी, तुम्हीपण भरा ना ओटी." काकूंनी हात हलवला, "नको गं बाई, माझ्यामुळे काही झालं तर?" आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 2022 मध्ये ग्रामसभेत विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. काकूंना ते ठाऊक आहे, पेपर त्या अथपासून इतिपर्यंत वाचतात. पण ठराव गावाचा असतो आणि धास्ती ज्याची त्याची. मोठ्या गर्दीचा त्यांना एक फायदा झाला: पाच बायकांत त्यांची रिकामी जागा सगळ्यांना दिसली असती, इथे ती कुणाच्या लक्षातही आली नाही. याला फायदा म्हणावं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गर्दीच वाईट, असं माझं म्हणणं नाही. तामिळनाडूत सरकार 2013 पासून गरोदर बायकांचा सामुदायिक वळैकाप्पु, म्हणजे बांगड्या भरायचा सोहळा करतं. आपल्याकडे आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीतून एक वेळचं पूर्ण, गरम जेवण द्यायचं ठरलं. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू. त्या पंगतीत कितीही ताटं धरली तरी प्रत्येक ताटासमोर जिच्यासाठी ते वाढलंय तीच बसलेली असते.

आमची बसली पावणेचार वाजता. पुऱ्या वातड झाल्या होत्या, मसालेभाताला तेल सुटलं होतं. आचाऱ्याने न सांगता बाजूला ठेवलेली ज्वारीची भाकरी आणि पिठलं मी पुढे केलं तर ती म्हणाली, "आता भूकच गेली गं आत्या. पिठलं-भाकरी मागच्याच महिन्यात काकूआजींनी घरी बोलावून घातली. चुलीवरची. वर गरम राखेत भाजलेला कांदा."

मला पत्ताच नव्हता. काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

हिशेब मिटवला. 38 नारळ उरले, ते मी आणि वहिनीने वाटून घेतले, त्यांच्या वड्या अजून डब्यात आहेत. आठवड्याने भाचीचा फोन आला. फोटो आले का, आचाऱ्याचे पैसे दिले का, असं काहीबाही विचारून झालं आणि मग म्हणाली, "आत्या, तू मला जेवायला कधी बोलावतेस?"